विशेष शाळेचा पट ३८, निकाल 'निरंक': यातून काय समजायचं?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, त्यावर ७५ टक्के लिहिलंय. सिव्हिलमधून ते घेऊन आलो त्या दिवशी शेजारच्या आजींनी कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, 'पंच्याहत्तर? बरे पडले की!' बायको आधी हसली, मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आकड्यांशी आमचं तेव्हापासून जमत नाही.

सध्या ती गावातल्याच जि. प. शाळेत चौथीच्या पटावर आहे. बाई मायेच्या आहेत, पण तिसरी-चौथी एकत्र, एकट्या बाई काय काय करणार. पोरगी मागे बसून मणी ओवते. वर्गातली मुलं तिला डबा उघडून देतात, कुणी चिडवलं तर तिच्या वतीने भांडतात. वही मात्र कोरी. शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणजे जूनपासून दुसरीकडे जावंच लागणार. समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ महिन्यातून एकदा येतात. ते म्हणाले, तालुक्याला मतिमंद मुलांची सरकारी शाळा आहे, एकदा बघून तरी या.

जाण्याआधी माहिती काढली. ६ वर्षांपूर्वी पट ६१, यंदा ३८. इयत्तावार तक्त्यात सगळीच्या सगळी ३८ मुलं पहिलीत, दुसरीपासून पुढे शून्य. दहावीच्या निकालापुढे 'निरंक'. मेहुणा बँकेत आहे. तो म्हणाला, 'पट उतरतोय, निकाल नाही, ही शाळा कसली, पाळणाघर आहे.' बोलणं लागलं, पण खोडताही आलं नाही.

कुणाची मुलं अशा शाळेत असतील, कुणी शिकवत असेल, तर सांगा. हे आकडे वाचायचे कसे?

अळूवडी

माझा मुलगा १४ वर्षांचा, स्वमग्न. तीन शाळा करून चौथ्या शाळेत टिकलाय, ती विशेष शाळा आहे. रात्री सविस्तर लिहिते. तोवर एकच, शाळा बघायला जाताना मेहुण्याला नेऊ नका.

आकडेमोड

आधी एक दुरुस्ती. 'सरकारी' म्हणताय ती बहुतेक अनुदानित असेल. महाराष्ट्रात विशेष शाळा मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी काढलेल्या आहेत, पगार शासन देतं. थेट शासनाच्या किंवा महापालिकेच्या शाळा त्या मानाने थोड्या. मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या आहेत. शिवाय या शाळा शिक्षण खात्याच्या नाहीत. आधी समाजकल्याण, मग सामाजिक न्याय, आणि डिसेंबर २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभाग. तुमची मुलगी आज शिक्षण खात्याच्या पटावर आहे, उद्या दिव्यांग कल्याणच्या पटावर जाईल. दोन्ही खात्यांच्या याद्या एकमेकींशी बोलत नाहीत, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

आता पट. ६१ चे ३८ झाले म्हणजे शाळा बिघडली, असा थेट अर्थ निघत नाही. २००१-०२ ला सर्व शिक्षा अभियान आलं, २००९ ला शिक्षण हक्क कायदा आला, २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं वंचित गटात आली, म्हणजे खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव प्रवेशालाही पात्र झाली. ज्या मुलांना थोड्या मदतीने गावच्या शाळेत बसता येतं ती तिथेच राहू लागली. ते योग्यच झालं. पण त्यामुळे विशेष शाळेत कोण उरलं? ज्यांना जास्त मदत लागते ती. साय काढून घ्यायची आणि वर दूध पातळ म्हणायचं, असं या शाळांच्या 'गुणवत्ते'चं झालंय. वीस वर्षांपूर्वीचा वर्ग आणि आजचा वर्ग यांची तुलनाच लागत नाही.

बेरकी

साय वगैरे ठीक आहे. पण ६१ होते हे तरी कुणी मोजलं होतं? २०११ ची पटपडताळणी विसरलात का? ३ ते ५ ऑक्टोबर, सगळ्या राज्यात एकाच वेळी, मुलांच्या बोटाला शाई लावून. लाखो मुलं कागदावरच होती. विशेष शाळा काय आभाळातून पडल्यात? निवासी शाळेत तर डोकी मोजून परिपोषण अनुदान. मुलं ६१, ताटं ३०, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुठे ते विचारू नका.

त्यामुळे पट उतरला म्हणजे कदाचित पहिल्यांदाच खरा लिहिला असेल. धागाकर्त्यांनी आनंद मानावा.

निवृत्त_खडू

२९ वर्षं मतिमंद मुलांच्या शाळेत शिकवलं, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ('बौद्धिक अक्षम' म्हणायला हवं हे कळतं, पण शाळेच्या पाटीवर होतं तेच तोंडात बसलंय. 'गतिमंद' मात्र म्हणू नका, तो गोडवा खोटा आहे.)

बेरकी यांचं मी नाकारत नाही. असल्या संस्था पाहिल्यात. पण दुसरी बाजूही लिहिते. पटावर शिक्षकाचं पद टिकतं. एक मूल गळालं की एक पद डळमळतं. त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आम्ही सहकारी मैत्रिणी एसटीने वाड्यावस्त्यांवर मुलं शोधत फिरायचो. काही घरांत पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत ठेवत. आम्ही पाणी मागायच्या निमित्ताने आत जायचो. तशी सापडलेली मुलं पुढे शाळेत आली. आता सांगा, हा पट वाढवण्याचा खटाटोप खोटा की खरा? दोन्ही एकाच रजिस्टरात असतं.

आता घाटमाथा यांचा मुख्य प्रश्न. तक्त्यात सगळे पहिलीत का? कारण आमच्याकडे पहिली-दुसरी नसतेच. वर्ग असतात ते पूर्वप्राथमिक, प्राथमिक १, प्राथमिक २, माध्यमिक, पूर्वव्यावसायिक. संगणकाच्या तक्त्यात हे रकानेच नाहीत, मग क्लार्क सगळ्यांना पहिलीत टाकून मोकळा होतो. तुमच्या मेहुण्यांना सांगा, ती मुलं नापास होऊन पहिलीत बसलेली नाहीत.

आणि वार्षिक परीक्षा म्हणाल तर आमची चेकलिस्ट असते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली, शाळांत तिला 'एफएसीपी' म्हणतात. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि मनोरंजन असे भाग. प्रत्येक कामापुढे गुण नसतात, मदत किती लागली ते लिहायचं. स्वतः केलं तर अधिकचं चिन्ह. खुणेने केलं, तोंडी सांगून केलं, हात धरून करवून घेतलं, की सगळं आपणच केलं. ८० टक्के कामं जमली की वरचा वर्ग.

एक उदाहरण देते. एक मुलगा शर्टाचं बटण लावायला शिकला, त्याला चौदा महिने लागले. आधी मी त्याचा हात धरून लावायचे. मग मनगटाला नुसता स्पर्श. मग 'बटण' एवढंच म्हणायचं. एके सकाळी तो घरूनच बटणं लावून आला, एक घर चुकलेलं, कॉलर वाकडी. आईने मुद्दाम दुरुस्त न करता तसाच पाठवला होता. माझ्या रजिस्टरात त्या वर्षी एका ओळीत 'हात धरून'चं 'स्वतः' झालं. हा निकाल कुठल्या मंडळाच्या पानावर दिसणार?

आकडेमोड

खडूताई, लेखन सुरेख. पण मला इथे खोड काढायची आहे. 'आमचं मोजमाप वेगळं' म्हणता म्हणता मोजमापच होत नाही, अशाही शाळा आहेत. चेकलिस्ट तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलेली मी पाहिलीय. सर्व मुलांची प्रगती सारखी, सगळ्यांना 'तोंडी सूचनेने'. मग पालकाने विश्वास कशावर ठेवायचा?

निवृत्त_खडू

बरोबर. म्हणून पालकाने शाळेत जाऊन मागच्या दोन वर्षांच्या चेकलिस्ट मागाव्यात. दुसऱ्याच्या मुलाच्या दाखवणार नाहीत, दाखवूही नयेत. पण कोरा नमुना दाखवतील, आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखडा कसा करतात ते सांगतील. जी बाई 'तुमच्या मुलीचं ध्येय काय ठेवू या' असं तुम्हालाच विचारेल, तिच्या वर्गात घाला. जी 'आमच्याकडे सगळं शिकवतात' म्हणेल, तिथे चहा घेऊन परत या.

अलीकडे मुंबईच्या जय वकील संस्थेचा 'दिशा' अभ्यासक्रम राज्यातल्या आमच्यासारख्या शाळांत आलाय. (संस्था जुनी, १९४४ ची. आपल्या पुण्याची कामायनी १९६४ ची.) आमच्या वेळी प्रत्येक बाईचा अभ्यासक्रम वेगळा होता. तुमच्या शाळेत 'दिशा'ची पुस्तकं कपाटात आहेत की मुलांच्या हातात, एवढं बघा.

फळा_पुसणारा

जि. प. शिक्षक आहे. घाटमाथांच्या मुलीच्या बाईंच्या जागी मीच आहे असं समजा.

माझ्या वर्गात ३४ मुलं, त्यांतली ३ दिव्यांग. एक अल्पदृष्टी, त्याला मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळाली की गाडी रुळावर. एकाला सेरेब्रल पाल्सी, डोकं माझ्यापेक्षा तल्लख. तिसरी मुलगी तुमच्या मुलीसारखी. पहिल्या दोघांसाठी आमची शाळाच योग्य, यात शंका नाही. तिसरीसाठी काय करायचं ते मला शिकवलेलं नाही. डी.एड.ला एक प्रकरण होतं, परीक्षेला ऑप्शनला टाकलं होतं. आता दिवसभर तिच्याकडे बघताना त्या ऑप्शनची आठवण येते.

सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून पदं निर्माण करायला सांगितलं. नंतर केंद्राने पहिली ते पाचवीला १० दिव्यांग मुलांमागे १ आणि सहावी ते आठवीला १५ मागे १ असं ठरवलं. कागदावर छान आहे. आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षकांकडे इतक्या शाळा आहेत की त्यांची मोटरसायकल त्यांच्यापेक्षा जास्त शिकवते.

तरीही सांगतो, मुलीला विशेष शाळेत घातल्यावर वर्गातली मुलं तिला विसरणार. आत्ता डबा उघडून देतात ती. ही किंमतही मोजा.

बेरकी

गुरुजी, तुम्ही पहिले शिक्षक ज्याने 'मला येत नाही' असं लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

कर्णफूल

मी स्वतः कर्णबधिर. कर्णबधिर विद्यालयात दहावीपर्यंत, मग ज्युनियर कॉलेज. धागा बौद्धिक अक्षमतेचा आहे, पण पट उतरण्याची गोष्ट आमच्या शाळांत सगळ्यात ठळक, म्हणून लिहिते.

माझ्या वेळी वर्गात जागा नसायची. आता त्याच शाळेत शेवटच्या बाकांवर तबल्याची जोडी ठेवलेली असते. एक कारण चांगलं: बाळाची श्रवण तपासणी लवकर होते, शासकीय योजनांतून कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं श्रवणयंत्र) होतात, ती मुलं थेट बालवाडीत जातात. वाईट कारण असं, की इम्प्लांट झालं म्हणजे ऐकू यायला लागलं असं पालकांना वाटतं. नंतरची दोन-तीन वर्षांची वाचा-भाषा थेरपी कुणी करत नाही. मूल साध्या शाळेत मागे बसतं, पाचवी-सहावीत विशेष शाळेच्या दारात येतं, तोवर भाषेची वर्षं गेलेली. अशी मुलं पट वाढवतात आणि 'निकाल' खाली आणतात. दोष शाळेच्या नावावर.

निकालाबद्दल. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल कैक वर्षं १०० टक्के. बसणारी मुलं ६-७. भाषांमध्ये सवलत, जादा वेळ, २० सवलतीचे गुण. मी पास झाले, पेढे वाटले. त्यानंतर ज्युनियर कॉलेजच्या पहिल्या महिन्यात कळलं की मला मराठी परिच्छेद वाचून अर्थ लागत नाही. उत्तरं पाठ होती, भाषा नव्हती. वर्गात हातवारे केले की हात मागे बांधून बसायला लावत, 'बोल, बोल' म्हणत. कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या मिलानच्या १८८० च्या परिषदेने बोलूनच शिकवायचं ठरवलं आणि त्याची पट्टी शंभर वर्षांनंतर माझ्या हातावर. भाषा मला मिळाली ती वसतिगृहात, दिवे गेल्यावर टॉर्चच्या उजेडात मोठ्या मुलींच्या हातांवरून.

तर १०० टक्के निकालाच्या शाळेने मला वाचायला शिकवलं नाही, आणि त्याच शाळेच्या वसतिगृहाने भाषा दिली. आता त्या शाळेला किती गुण द्याल?

अळूवडी

कर्णफूल, __/\__

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. मुलगी १६, डाउन सिंड्रोम, काउंटीच्या पब्लिक स्पेशल स्कूलमध्ये. इथे सगळं छान असतं असा गैरसमज नको, म्हणून लिहिते.

घर घेताना इथे सगळे शाळांचं रेटिंग बघतात. माझ्या मुलीच्या शाळेचं पान उघडलं तर पटाचा आकडा आहे, आणि 'प्रोफिशियन्सी'च्या जागी चांदणी. म्हणजे मुलं इतकी थोडी की आकडा छापला तर कुणाचा कोण ते ओळखू येईल, म्हणून झाकलाय. ती चांदणी पाहून लोक शाळाच वाईट ठरवतात. आमच्या एडिसनच्या भिशीत एक ताई मला म्हणाल्या होत्या, 'एवढी वाईट शाळा? तुम्ही मूव्ह का नाही होत?'

इथे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना राज्याची नेहमीची परीक्षा नसते, पर्यायी असते. आमच्या राज्यात तिला 'डायनॅमिक लर्निंग मॅप्स' म्हणतात. चार पातळ्या: 'इमर्जिंग', 'अप्रोचिंग', 'अ‍ॅट टार्गेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड'. पण २०१५ च्या कायद्याने राज्यात परीक्षा देणाऱ्या एकूण मुलांपैकी १ टक्क्याहून जास्त मुलांना ही परीक्षा देता येत नाही. हेतू चांगला, नाहीतर शाळा कुठल्याही कच्च्या मुलाला तिकडे ढकलतील. पण विशेष शाळेत जवळजवळ सगळीच तीच परीक्षा देणारी. मग तिथला आकडा आणि शेजारच्या हायस्कूलचा आकडा एका रांगेत लावून काय हाती येतं?

मला उपयोगी पडतो तो एकच कागद, आयईपी, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखडा. वर्षातून एकदा टेबलाभोवती सगळे बसतात, मीही त्यांतली एक. त्यात लिहिलेलं शाळेवर बंधनकारक असतं, नाही केलं तर दाद मागता येते. १९७५ च्या कायद्यापासून हे आहे. आणि मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत शाळेचा हक्क. २१ नंतर इथेही अंधारच. त्याला आई लोक 'कडा' म्हणतात.

म्हादई

गोंयहून थोडं. आमच्याकडे पर्वरीला संजय स्कूल आहे, सरकारच्या आधाराने चालणारी. लहान राज्य असल्यामुळे एक बरं असतं, शाळा सगळ्यांना ठाऊक असते, मुलं पुढे काय करतात हेही गावाला दिसतं. २०२३ पासून पर्पल फेस्ट होतो, तिथे विशेष शाळांची मुलं स्टेजवर असतात. पण उत्सव थोड्या दिवसांचा आणि शाळेची बस वर्षभराची. सांगे-काणकोणच्या आईला विचारा, तिला बस हवी.

आकडेमोड

बसचा मुद्दा महत्त्वाचा. पट नुसता पाहू नका, हजेरी पाहा. पट ३८ आणि रोज येणारी ३२, तर शाळा जिवंत आहे. पट ६१ आणि रोज २०, तर बेरकी म्हणतात ते. हजेरी पडण्याचं कारण बहुतेक वेळा शिकवणं नसतं, अंतर असतं. मुलाला एकट्याला एसटीत बसवता येत नाही, म्हणजे आईचा रोजगार बुडतो.

जुना पण मोठा संदर्भ द्यायचा तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्ती सुमारे २९.६ लाख. युनेस्कोच्या २०१९ च्या भारतविषयक अहवालानुसार दिव्यांग मुलांपैकी पाच वर्षांची तीन चतुर्थांश मुलं कुठल्याच शाळेत नव्हती, आणि ५ ते १९ वयातली एक चतुर्थांश. म्हणजे विशेष शाळेचा पट उतरतोय म्हणून मुलंच संपली, असं नाही.

अळूवडी

रात्रीचं लिहिते म्हणाले, तीन रात्री गेल्या. मुलाची झोप बिघडली होती.

घाटमाथा, मी शाळेत गेले तेव्हा काय बघितलं ते सांगते. ऑफिसात बसले नाही. संडास बघितला. दार आतून लागतं का, नळाला पाणी आहे का, दहा वर्षांच्या मुलाची चड्डी कोण बदलतं, मुलींसाठी बाई मदतनीस आहे का. तुमची मुलगी साडेनऊची म्हणजे पुढच्या दोन-तीन वर्षांत पाळी येईल. ते शाळा शिकवते का, हे स्पष्ट विचारा. लाजू नका, ज्या शाळेच्या बाई लाजल्या ती शाळा मी सोडली.

मग विचारलं, अठरा झालेली मुलं कुठे गेली? हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने ६ ते १८ मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची. अठराव्या वाढदिवसानंतर शाळा दाखला देते. मग कार्यशाळा असली तर आहे, नाहीतर घर. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला एक वही दाखवली, गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेल्या मुलांची. कोण कार्यशाळेत फाइली बनवतो, कोण वडिलांच्या किराणा दुकानात पुड्या बांधतो, दोन वारले, तिघांचा पत्ता नाही. ती वही ठेवणारी शाळा म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. त्यांचाही निकाल निरंकच आहे.

माझा मुलगा वाचत नाही. पण गेल्या वर्षी त्याने स्वतः चप्पल काढून रॅकवर ठेवायला सुरुवात केली, आणि दुसऱ्यांच्याही ठेवतो. पाहुणे जायला निघाले की चपला शोधत बसतात. :)

बेरकी

मी हे विनोदाने घेणार नव्हतो, पण चपलांचं वाचून हसलो. अळूवडी, ती वही शासनाने का मागू नये? पटाचे अर्ज दर महिन्याला मागतात.

निवृत्त_खडू

मागितली तर तीही तपासणीच्या आदल्या रात्री भरतील, बेरकी.

घाटमाथा

काल जाऊन आलो. मेहुणा येतो म्हणाला होता, त्याला नेलं नाही. बायको आणि मुलगी.

शाळा एसटी स्टँडपासून दीड किलोमीटर. इमारत जुनी, पत्रा. पटावर ३८, काल हजर २९. मुख्याध्यापक म्हणाले, चार मुलं ऊसतोडीला आईवडिलांबरोबर गेलीत, एप्रिलमध्ये परततील, नाव काढत नाही. बेरकी, हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं मला माहीत नाही. ६१ चं विचारलं. ते स्पष्ट बोलले: वसतिगृह होतं ते बंद झालं, लांबची मुलं गेली. काही साध्या शाळेत गेली. 'आणि काही नावं आधीपासूनच नावंच होती,' असंही म्हणाले. ते स्वतः ४ वर्षांपूर्वी आलेत.

चेकलिस्टचा कोरा नमुना पाहिला. बटणाची ओळ शोधून काढली, सापडली. 'दिशा'ची पुस्तकं मुलांच्या हातात होती, एकाने तर चावलेलीही होती. संडासाचं दार आतून लागतं. मदतनीस बाई आहे, पण कंत्राटी, तीन महिन्यांचा पगार थकलाय. वही मागितली. नाही. असं कुणी मागितलं नव्हतं म्हणाले. मग एक वही काढून पहिल्या पानावर तिथेच पाच-सहा नावं लिहिली, आठवतील तशी. एक मुलगा स्टँडवरच्या कॅंटीनला भांडी धुतो. परत येताना आम्ही तिथे चहा घेतला. तो होता.

मुलगी पूर्वव्यावसायिकच्या वर्गात जाऊन बसली, तिथे पणत्या रंगवत होते. बाईंनी ब्रश दिला आणि 'हिला कोणता रंग आवडतो?' असं आम्हाला न विचारता तिला विचारलं. ती काही बोलली नाही, सगळ्या पणत्या पिवळ्या केल्या.

बायको म्हणतेय घालू या. मी गुरुजींचा (फळा_पुसणारा) डब्याचा मुद्दा घेऊन बसलोय. शनिवारी जि. प. शाळेत जाऊ देता येईल का, ते बाईंना विचारणार आहे. त्या हो म्हणतील, पण कागदावर दोन पट चालत नाहीत.

फळा_पुसणारा

कागदावर नका विचारू. शनिवारी सकाळची शाळा असते, कवायत आणि गाणी. पाठवा सरळ. मी असतो तर फळ्यावर तिचंही नाव लिहिलं असतं.

आकडेमोड

एक कामाचं. मुलगी १० ची होईल तेव्हा बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र नव्याने करावं लागतं, ५, १० आणि १८ या वयांना. विशेष शाळेच्या प्रवेशाला चालू प्रमाणपत्र मागतील, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र). आत्ताच सिव्हिलची तारीख घ्या, जूनमध्ये रांग लागते. आणि राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना काढली नसेल तर काढा, एक लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च धरतात.

घाटमाथा

निरामय माहीत नव्हती. आभार. सिव्हिलला बौद्धिक चाचणीसाठी कोणता वार असतो, कुणाला माहीत आहे का? मागच्या वेळी दोन हेलपाटे झाले होते.

अळूवडी

प्रत्येक सिव्हिलचा वार वेगळा असतो, आधी फोन करून विचारा. सकाळी आठला केसपेपर काढा, मुलीचा डबा आणि पाण्याची बाटली न्या. आणि जमलं तर तिला तिथे ब्रश आणि पिवळा रंग द्या, नाहीतर ती त्या मॅडमशी बोलणार नाही.